थोरल्याची डबी, धाकट्याचं मशीन

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता इंदापूरहून चिंतामणरावांचा फोन आला आणि त्यांनी मुलीला नेहमीचा प्रश्न विचारला.

"तुझ्याकडे किती वाजले?"

वल्लरी बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. बारामती आणि इंदापूर यांच्यामध्ये पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, कारखान्यांची धुराडी आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची न संपणारी रांग, एवढंच काय ते. घड्याळात फरक पडावा असं काही नाही. तरीही मुलगी अमेरिकेत असल्यासारखे चिंतामणराव गेली चौदा वर्षं रोज सातला हा प्रश्न विचारत आले होते, आणि वल्लरी मोबाइलकडे बघून उत्तर देत आली होती.

"सात, बाबा."

"सात आणि?"

"सात आणि एक मिनिट."

"म्हणजे एक मिनिट पुढे आहेस," ते समाधानाने म्हणाले. मुलगी मागे नाही, एवढं त्यांना पुरायचं. "आज लासुर्ण्याचं घड्याळ जोडलं. थांब, ऐकवतो."

वल्लरी वाळवी लागलेल्या पुस्तकांची यादी करत होती. तिने फोन कानाला लावला आणि यादीत 'पाने ४० ते ७२ नष्ट' असं लिहिलं. पलीकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला, मग कोणीतरी कटिंग चहा मागितला.

"आलं का ऐकू?"

"आलं, बाबा. छान चाललंय."

"खोटारडी! मी अजून फोन घड्याळाला लावलाच नव्हता." ते मनापासून हसले. "हं, आता ऐक."

"नंतर ऐकते ना. यादी आजच द्यायचीय."

"बरं, नंतर. वेळेला काय, इथे दुकानभर आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माऊलींचा फोन आला. माऊली म्हणजे दुकानाशेजारचे चहावाले. ते एवढंच म्हणाले, "ताई, शटर उघडलं न्हाय." चिंतामणरावांचं शटर नऊला उघडायचं. त्या दहा मिनिटांतच माऊलींना सगळं कळलं होतं, आणि फोनवरच्या त्यांच्या आवाजावरून वल्लरीलाही.

चिंतामणराव दुकानाच्या वरच्या खोलीत झोपेतच गेले होते. वल्लरी पोचली तोवर जिन्यावर चपलांचा ढीग झाला होता. कोणी रडत होतं, कोणी फुलं कुठे मिळतील ते विचारत होतं, आणि खाली दुकानात कामाच्या टेबलावर, उपड्या काचेच्या पेल्याखाली, लासुर्ण्याचं घड्याळ आपलं चाललं होतं. संध्याकाळी सात वाजता तिचा फोन वाजला नाही. ती खाली आली, पेला उचलला आणि घड्याळाला चावी दिली, बोटाला अडेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही सातला दिली. मग रोजच. कोणी विचारलं असतं तर, बंद पडलं तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, असं ती म्हणाली असती. कोणी विचारलं नाही.

आता या लासुर्ण्याच्या घड्याळाबद्दल.

ते होतं खिशातलं, जुन्या चालीचं, चांदीच्या डबीचं आणि साखळीचं. लासुर्ण्याच्या एका आबांनी ते इंग्रज असताना सोलापुरात एका साहेबाच्या लिलावात घेतलं आणि मरेपर्यंत बंडीच्या खिशात वागवलं. पुढे आबांच्या दोन नातवांची वाटणी झाली. थोरल्याचं नाव दत्तोबा. धाकट्याच्या जन्मापर्यंत घरात पहिला ट्रॅक्टर आला होता, म्हणून त्याचं नाव विजयसिंह. जमीन अर्धी अर्धी झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, आंब्याची झाडं मोजून झाली, आणि शेवटी घोंगडीवर हे घड्याळ उरलं. दोघांनाही तेच हवं होतं. तीन दिवस बैठक चालली. तिसऱ्या दिवशी, बहुधा भुकेने, त्यांच्या मामांना मार्ग सुचला, आणि तो स्टँप पेपरवर लिहिला गेला: 'घड्याळाची चांदीची डबी, काच व साखळीसह, दत्तोबा यांस, आतील यंत्र, तबकडी व काट्यांसह, विजयसिंह यांस.'

मग सगळी पंचमंडळी जीपमध्ये बसून इंदापूरला चिंतामणरावांकडे आली आणि म्हणाली, करा वाटणी.

चिंतामणरावांच्या दुकानावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील. घाई असल्यास येऊ नये.' चालतं घड्याळ वेगळं करून द्यायचं काम त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. त्यांनी मशीन डबीतून काढलं, एकाला हे दिलं, दुसऱ्याला ते दिलं, आणि चिमट्यात एक जिन्नस उरला. जिने घड्याळाला पीळ द्यायचा ती चावी, तिच्या बारक्या दांडीसकट.

"आणि ही?" त्यांनी विचारलं.

पंचांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चावीचं नाव कुठेच नव्हतं. ती डबीच्या बाहेर असते म्हणून डबीची, असं थोरला म्हणाला. तिची दांडी मशीनमध्ये जाते म्हणून मशीनची, असं धाकटा म्हणाला. दोघांचंही खरं होतं. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या चिंतामणरावांकडं. पुढच्या बैठकीत बगू." पुढची बैठक झालीच नाही, कारण तोवर मामांचं दोघांशीही वाजलं.

याला तेवीस वर्षं झाली. दर वर्षी संक्रांतीच्या सुमाराला थोरला डबी उजळायला घेऊन यायचा आणि विचारायचा, "त्यो आला होता का?" दोन दिवसांनी धाकटा मशीनला तेल घालायला यायचा आणि विचारायचा, "त्यो येऊन गेला का?" धाकटा मशीन तांदळाच्या डब्यात ठेवायचा, ओल लागू नये म्हणून; एका वर्षी चाकांमधून किडा निघाला होता, जिवंत. दोन्ही वस्तू हाताशी आल्या की चिंतामणराव चावी काढायचे, घड्याळ जोडायचे, आठ दिवस चालवायचे आणि पुन्हा सोडवून ज्याचं त्याला द्यायचे. दोघा मालकांना याचा पत्ता नव्हता.

वल्लरीने ही कथा लहानपणापासून तुकड्यातुकड्याने आणि अर्ध्या कानाने ऐकली होती. भिंतीवर पेन्सिलीने 'लासुर्णे १' आणि 'लासुर्णे २' असे दोन नंबर होते. माणसं इतकी वर्षं अबोला धरून राहतात हे तिने फक्त कादंबऱ्यांत वाचलं होतं, म्हणून तिने दोन्ही नंबरांवर एकच निरोप दिला: रविवारी अकराला येऊन घेऊन जा.

तेराव्यानंतर ती रजा वाढवून दुकान आवरत होती. महिनाअखेर शटर कायमचं ओढायचं ठरलं होतं. बाकीची घड्याळं एकेक करून गेली. एक गृहस्थ अकरा वर्षांपूर्वी टाकलेलं घड्याळ न्यायला आले आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "मी घाई केली नाही हं." एका बाईंनी अलार्मचं घड्याळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रोज पहाटे वाजलं की त्यांची आठवण येणार. थोडं बिघडवून देता का?"

रविवारी अकराला दहा कमी असताना दत्तोबा बोलेरोतून उतरले आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाने विजयसिंह मोटारसायकलवरून आले. दोघंही साठी ओलांडलेले, दोघांचं नाक एकच. दारात एकमेकांना बघून दोघंही थबकले. मागे फिरावं तर घाबरला असं दिसलं असतं. म्हणून दोघं आत आले आणि बाकड्याच्या दोन टोकांना बसले.

"लई वाईट झालं, ताई," दत्तोबा म्हणाले. "देवमाणूस."

"देवमाणूस," विजयसिंह भिंतीकडे बघत म्हणाले. मग, "ताई, त्यास्नी म्हणावं, जरा सरका. माझी पाठ दाराला लागतीया."

"ताई, त्यास्नी म्हणावं, बाकडं काय वाटणीत आलेलं न्हाय."

वल्लरीने दोन्ही निरोप पोचवले नाहीत. तिने पेला उचलला आणि घड्याळ दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवलं. उजळलेली डबी, आत पांढरी तबकडी, सेकंदाचा बारका काटा टुणटुणत चाललेला.

दोघंही बाकड्यावर पुढे सरकले.

"ह्ये एकत्र कुणी केलं?" दत्तोबांनी विचारलं.

"बाबांनी."

"आमाला न इचारता?"

"माझं मशीन त्यांच्या डबीत?" विजयसिंह उठून उभे राहिले.

"माझ्या डबीत त्यांचं मशीन!" दत्तोबाही उठले.

तेवीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. तेवढ्यात माऊली चहा घेऊन आले आणि त्यांना वाटलं, विषय निघालाच आहे तर. "औंदाच न्हाय, दर सालीच जोडायचं की. आठ दिवस चालायचं. आमची सगळी लाइन त्यावर टाइम लावायची. वडापचा जीपवाला तर म्हणायचा, लासुर्ण्याचं आलं का? आलं असलं तर माजं मिळवून घेतो."

"सगळ्या इंदापूरला ठावं, आन आमालाच न्हाय?" दत्तोबा म्हणाले, पण ते घड्याळावर वाकले होते. विजयसिंहही वाकले. दोन पांढरी डोकी टेबलावर जवळजवळ टेकली.

"असंच वाजायचं," दत्तोबा कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाले. "आबांच्या कुशीत झोपलं की."

"मला काय ठावं. कुशीत तुमीच असायचा," विजयसिंह कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाले.

मग दोघं सावध झाले आणि पुन्हा आपापल्या टोकाला गेले. वाटणी ती वाटणी, असं ठरलं. ज्याचं त्याला सोडवून द्या.

"मला येत नाही," वल्लरी म्हणाली.

"चिंतामणरावांची लेक, आन येत न्हाय?"

हे विजयसिंहांनी सहज म्हटलं. खरं तर वल्लरीचं 'येत नाही' खोटंच होतं. शाळेतून आल्यावर ती या टेबलाच्या कोपऱ्यावर गृहपाठ करायची आणि बाबा समोर घड्याळं उघडायचे. मध्ये एक स्टीलचं ताट असायचं. निघालेला पहिला स्क्रू ताटात बाराच्या जागी, पुढचा एकच्या जागी, असा भाग न् भाग गोलाकार मांडत जायचं. बसवताना उलटं फिरत यायचं. किती हजार वेळा बघितलं असेल. दहावीनंतर बाबा दोनदा म्हणाले होते, बस जरा, दाखवतो. दोन्ही वेळा ती "नंतर" म्हणाली होती. तिसऱ्यांदा ते म्हणालेच नाहीत.

नाही म्हणण्याचं कारण दुसरंच होतं. डबीतून मशीन बाहेर आलं की बाबांच्या हातचं शेवटचं जोडलेलं काही उरणार नव्हतं. हे तिने बोलून दाखवलं असतं तर समोरच्या दोघांनी बहुधा लगेच हात मागे घेतले असते, आणि घड्याळ तिच्याकडे राहिलं असतं. पण बाबांनी आयुष्यात कोणाची वस्तू ठेवून घेतली नव्हती. अकरा वर्षांपूर्वीचं घड्याळसुद्धा फडक्यात बांधून नावासकट होतं.

तिने बाबांचं भिंग डोळ्याला लावलं. ताट पुढे ओढलं. मागचं झाकण उघडलं. आत चाकांची लगबग चालली होती. चावी धरून ठेवणारा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि चावी हळूच ओढली. ती दांडीसकट बाहेर आली. ताटात, बाराच्या जागी. मग मशीन धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी पहिला. एकच्या जागी.

"आगदी बापावानी," दत्तोबा पुटपुटले.

दुसरा स्क्रू चिमट्यातून सटकला, टेबलावर टिक वाजला आणि दिसेनासा झाला.

"कुणी हलू नका!" माऊली ओरडले आणि भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. चिंतामणरावांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'स्क्रू पडल्यास पाय हलवू नये. पद, वय, नाते पाहिले जाणार नाही.'

सगळे होते तसे थांबले. माऊलींचा एक पाय उंबऱ्यात होता आणि दुसरा बाहेर. स्क्रू जवसाच्या दाण्याच्या पावपटही नव्हता. वल्लरी जिथे होती तिथेच खाली बसली आणि बाबांसारखीच मोबाइलची बॅटरी लावून जमिनीलगत आडवी फिरवू लागली. आडव्या उजेडात बारीक वस्तूची सावली लांब पडते. त्या जमिनीवर बरंच काही निघालं. एक बटण, बडीशेप, सेकंदाचा काटा, कोणाचं तरी दुधाच्या दाताएवढं काहीतरी. स्क्रू नाही.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाहेरून गिऱ्हाइकं माऊलींना चहा मागत होती आणि माऊली उंबऱ्यातूनच "स्क्रू पडलाय!" असं सांगत होते. लाइनीतल्या जुन्या लोकांना तेवढं पुरत होतं.

"माझा गुडगा," विजयसिंह म्हणाले.

"ताई, त्यास्नी म्हणावं, ऑपरेशन करून घ्या. बारामतीत चांगलं करत्यात. मी केलंय," दत्तोबा म्हणाले.

"ताई, इचारा त्यास्नी, दुखतं का फार?"

"दोन म्हैने."

"चढउतार?"

"जमती."

यातलं काहीही वल्लरीमार्फत गेलं नव्हतं. ती जमिनीवर होती.

"थांबा," दत्तोबा एकदम म्हणाले. त्यांची नजर भावाच्या पायांवर खिळली होती. विजयसिंहांनी मोटारसायकलसाठी पँट खालून दुमडली होती, आणि उजव्या दुमडीत काहीतरी चमकलं. "हलू नगं. हलू नगं म्हणतो ना!" दत्तोबा बाकड्याला धरून सावकाश खाली वाकले, नव्या गुडघ्यावर टेकले आणि दोन्ही हात भावाच्या पावलांकडे नेले.

विजयसिंह दचकले. "आरं दादा! पाया कशापायी पडतो?"

"तुझ्या पाया पडतोय व्हय मी! इस्क्रू हाय, इस्क्रू!"

माऊली उंबऱ्यात बसकण मारून हसले. मग विजयसिंह हसले, तेही पाय न हलवता, म्हणून सगळं पोट हललं. दत्तोबा मात्र हसले नाहीत, कारण खाली बसल्यावर त्यांना उठता येईना. शेवटी धाकट्याने हात दिला.

स्क्रू ताटात दोनच्या जागी गेला. वल्लरीने मशीन उलटं करून तळहातावर घेतलं. डबीतून निघालं तरी ते चालतच होतं, उघडं, तिच्या हातात, एखाद्या चिमणीच्या छातीसारखं. तिने ते धाकट्याच्या डब्यात ठेवलं. तांदूळ आधी काढून टाकले. डबी दोन्ही स्क्रूंसह थोरल्याला दिली. आणि चिमट्यात एक जिन्नस उरला.

"आणि ही?" तिने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"त्याच्याकडं नगं," दत्तोबा म्हणाले.

"याच्याकडं बी नगं," विजयसिंह म्हणाले. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, ताई."

"मी दुकान बंद करतेय. महिनाअखेर."

हे दोघांनाही पटलं नाही. ते तिच्याकडे असे बघत राहिले की जणू तिने विहीर बुजवते म्हटलं होतं.

"मंग संक्रांतीला आमी यायचं कुठं?" दत्तोबांनी विचारलं.

तिने चावी खिशात टाकली. विजयसिंहांनी डबा कानाला लावला. "ह्ये किती वेळ चालंल?"

"उद्या दुपारपर्यंत."

"आन मंग?"

"मग थांबेल. चावी इथे आहे."

ते निघाले. बोलेरो एका बाजूला लावलेली होती आणि मोटारसायकल दुसऱ्या. दोघं मात्र बोलेरोच्या बाजूला चालत गेले. दत्तोबा म्हणत होते, "हळू धर जरा. आन तांदळात नगं ठेवू, येड्या, तिळात ठेव." विजयसिंह म्हणत होते, "तिळाला तेल सुटतं." वळणापर्यंत त्यांचं हेच चाललं होतं.

दुपारभर वल्लरीने कपाटं आवरली. भिंतीवरची पाटी उतरवायला ती दोनदा स्टुलावर चढली आणि दोनदा, दुसरं काही काम आठवून, उतरली. संध्याकाळ झाली. माऊलींनी न सांगता चहा आणून ठेवला. बाहेर गाड्यांचे दिवे लागले.

सात वाजायला आले तशी ती सवयीने टेबलापाशी आली आणि पेला उचलला. खाली काही नव्हतं. पेल्याने धुळीत उमटवलेलं वर्तुळ तेवढं होतं. तिने खिशातून चावी काढली आणि त्या वर्तुळात ठेवली. भिंतीवरच्या न विकलेल्या घड्याळांत कुठे पाच वाजले होते, कुठे सव्वाबारा. बाबांनी ती कधी एकसारखी लावली नव्हती. कशाला सगळ्यांनी एकच सांगायचं, म्हणायचे.

तिने मोबाइल बघितला. सात. फोन वाजला नाही. ती वाट बघत स्टुलावर बसली, तेव्हा सात आणि एक मिनिट झालं.

चौदा वर्षांत रोज त्यांनी विचारलं होतं आणि रोज तिने सांगितलं होतं. तिने उलट कधी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात आहे काय, असं तिला वाटायचं. पन्नास किलोमीटरवर वेगळं काय वाजणार.

"सात आणि एक, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या दुकानात तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. तरी तिने तो खाली आणला नाही. "तुमच्याकडे किती वाजले?"